मालाचा हातगुण

चौसाळ्याहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथं विजयमाला राहते. गाव तिला नुसतं माला म्हणतं. आधी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. एका साली मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना पाय सटकला, कंबरेवर आपटली, अन् कोयता सुटला तो सुटलाच. मग तिच्या नवऱ्यानं, शिवशंकरनंही तोड सोडली आणि तो मोहनरावांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला. मोहनराव गावचे पुढारी. सरपंच कुणीही होवो, शिक्का त्यांच्याच कपाटात असतो.

आता दिवसभर घरात बसून बाईमाणसानं करावं काय? मोबाईल बघावा. मालानंही बघितला, पण तिला त्यातून एक भलताच नाद लागला. कुठल्याशा परदेशी बाईचा व्हिडिओ होता. ती बाई खोडरबर कोरून प्राण्यांचे ठसे करायची अन् त्यांची कार्डं बनवायची. खोडरबर लहान पडतंय म्हणून मालानं झिजलेल्या स्लिपरा घेतल्या, ब्लेडनं तळवे कोरले. पहिला ससा कोरताना ब्लेड घसरलं आणि सशाचा एक कान मोडला. तर पोरांना तोच मोडका कान आवडला! मग मांजर झालं, हत्तीचं पिल्लू झालं, चोच वासून बसलेलं कोंबडीचं पिल्लू झालं. जाड कागद दुमडायचा, कडेला ब्लाऊजची उरलेली लेस चिकटवायची, मधोमध ठसा उठवायचा. बारशाला, वाढदिवसाला तिची कार्डं घरोघर जायला लागली.

फोनवर फुकटात फुलं पाठवणारी आमची माणसं कागदाच्या सशाला भुलतील असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं. पण भुलली खरी.

ती भुलली सशाला नाही, भलत्याच गोष्टीला, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. सुनिता नावाच्या शेजारणीचं पोर जन्मलं तेव्हा मुठीएवढं होतं, दूध ओढत नव्हतं. मालानं हौसेनं सशाचं कार्ड नेऊन पाळण्याला टांगलं. आठवड्याभरात पोर दूध ओढायला लागलं. सुनिता हापशावर सगळ्यांना सांगत सुटली, "मालाबाईचा हातगुण लई चांगला हाय!"

झालं! आपल्याकडं डॉक्टरला हातगुण असतो, पेरणीची पहिली मूठ टाकणाऱ्याला असतो. आता स्लिपरच्या ठशालाही आला. माला आधी हसली. मग ऐकून ऐकून तिला ते गोड लागायला लागलं. खोटं कशाला बोला, पडून घरी बसलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं.

मोहनरावांच्या सुनेला, प्रियदर्शनीला, मुलगा झाला. चौथ्या दिवशी मोहनरावांची बायको वत्सलाबाई स्वतः मालाच्या दारात आली. ही बाई कधी कुणाच्या दारात जात नाही, दारं तिच्याकडं चालत येतात. हातात एक पांढराशुभ्र कागद होता.

"माला, उद्या पाचवी. ह्या कागदावर तुझा ससा उठवून दे."

माला दचकली. पाचवीच्या पूजेत सटवाईपुढं कोरा कागद अन् पेन ठेवतात. ती येते आणि बाळाचं नशीब त्यावर लिहून जाते. तो कागद कोराच पाहिजे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"काकू, त्यो कोरा लागतो. सटवाईच्या आधी आपण कसा हात लावायचा?"

"लोकांच्या लेकरांना हातगुण, अन् आमच्याच नातवाला न्हाई का?" वत्सलाबाई हसत म्हणाली. तिचं हसणं गावाला ठाऊक आहे.

मालाला त्याच वेळी नाही म्हणता आलं असतं. पण नवरा त्यांच्या ट्रॅक्टरवर, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला मोठेपणाही वाटला. तिनं कोपऱ्यात हळूच ससा उठवला.

पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं. गाडी काढून त्याला बीडला नेलं, डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवलं. कावीळ होती, नव्या बाळांना होते तशी. पण गावाला काविळीत रस नव्हता. पिठाच्या गिरणीत कुणीतरी म्हणालं, "ससा असा कितीसा जगतो?" तेवढं एक वाक्य पुरलं. संध्याकाळपर्यंत ते पुऱ्या गावात फिरून आलं.

सुनितानं पाळण्यावरचं कार्ड काढून परत आणून दिलं. कार्ड उंबऱ्यावर ठेवलं, हातात दिलं नाही. शिवशंकर कामावरून आला तो जेवायलाच बसेना.

"मालक काय म्हनले?" तिनं विचारलं.

"काईच न्हाई म्हनले. निस्तं माझ्याकडं बघत बसलते."

"माझ्या ठशानं का कुनाला कावीळ होती, आवो?"

"मला म्हाईत हाय. त्यांना कोन सांगनार?"

ते बाळ गेलं तर गाव मालाला जगू देणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. करणी केली म्हणून एकदा नाव पडलं की बाईला ना पाणी भरू देतात, ना कुणाच्या दारात उभं राहू देतात. माला देवापुढं बसून त्या परक्या लेकरासाठी आईसारखी रडली. स्वतःसाठीही रडली.

बाळ वाचलं. पेटीतून काढलं, घरी आणलं, चांगलं टुणटुणीत झालं. वाचवलं डॉक्टरनं, पण नाव झालं सशाचं! आता म्हणे, सटवाईनं वाईटच लिहिलं होतं, ते मालाच्या सशानं अडवलं. सुनिता गुपचूप येऊन कार्ड मागून घेऊन गेली.

वत्सलाबाई खण-नारळ घेऊन आली. मालाची ओटी भरली, शेजारी बसली आणि आवाज खाली आणला.

"त्रिंबकच्या सुनेचे दिवस भरत आलेत."

त्रिंबक म्हणजे मोहनरावांचा भाऊबंद. गेल्या निवडणुकीपासून दोन घरांत विस्तव जात नाही.

"तिच्या पाचवीचा कागद तुझ्याकडंच येनार. तवा ससा नको उठवू."

"मग काय उठवू?"

"ते मी कशाला सांगू? जो हात अडवतो, त्याला वाढून ठेवता बी येत आसंल."

"काकू, मी निस्ते ठसे करते. मला दुसरं काई येत न्हाई, देवाशप्पथ!"

"मी बी ठशाचंच म्हनते." वत्सलाबाई उठली, पदर सावरला. "शिवशंकरचं बरं चाललंय ना आमच्याकडं? चालू दे."

ती गेल्यावर माला ओटीतल्या नारळाकडं बघत राहिली. तो फोडायची तिला भीती वाटली. कागद आला आणि तिनं ससा उठवला, तर नवऱ्याचं काम जाणार, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब. नाही उठवला अन् त्या बाळाला साधी सर्दी झाली, तरी करणीवाली ठरणार. तिनं खूप विचार केला आणि बिचारीला एकच वाट सुचली. ठसेच नसले तर कुणी मागणार काय? चूल पेटवून तिनं ससा, मांजर, हत्ती, पिल्लू, सगळं आत टाकलं. रबराचा काळा धूर गल्लीभर झाला. तिला हलकं वाटलं. वाटणारच. तिला आपलं गाव अजून पुरतं कळलं नव्हतं.

त्रिंबकच्या सुनेलाही मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी सकाळी त्रिंबकची आई, म्हातारी चंद्रभागाबाई, कागद पदराखाली झाकून आली. भाबडी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"माला, माझ्या पणतवाला ससा दे गं."

"मावशी, ठसे जाळले मी."

"जाळले? कावून?"

माला काय सांगणार? वत्सलाबाईचं नाव घ्यायची सोय नव्हती. तिनं मान खाली घातली. म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिचाच चेहरा उतरला.

"आमच्याच येळेला जाळले?"

"तसं न्हाई, मावशी. कागद कोराच ठिवा. तेच बरं."

"बरं कसं?" म्हातारीनं तिचा हात धरला. "तुला कळतं म्हनत्यात. खरं सांग, लेकरू माझं. माझ्या पणतवाचं म्होरलं काय दिसलं तुला?"

मालाला भडभडून आलं. ह्या म्हाताऱ्या जिवाला तरी खोटं सांगायचं नाही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि जे खरं होतं ते तिनं सांगून टाकलं.

"काईच न्हाई दिसलं, मावशी. मला काईच दिसत न्हाई."

चंद्रभागाबाईनं तिचा हात सोडला. कागद छातीशी धरून ती दारातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, "माझ्या पणतवाला म्होरलंच न्हाई गं!" गल्लीतल्या बायका धावत आल्या.