बर्फवाल्या आबांचा एकच प्रश्न

कागदाकडे ढुंकूनही न बघता तो खरा की खोटा हे सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होता, आमचे बर्फवाले आबा. धुळ्याला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर त्यांची हयात गेली. पण लोक त्यांना सोयरिकीलाही घेऊन जात. तिथे पत्रिका बाजूला सारून ते थेट मुलालाच विचारत, "तुले काय येत नही?" सगळं येतं म्हणणारा मुलगा जागीच बाद. आचाऱ्यांनाही हाच प्रश्न. एकाने पुरणपोळी जमत नाही अशी कबुली दिली, तर नातीच्या लग्नाचं सगळं जेवण आबांनी त्याच्यावर सोपवलं. वऱ्हाड पुरणपोळीची वाट बघून हात धुऊन उठलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावात कॉम्प्युटर घेऊन बसलो. खोली बांधण्याआधीच ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, वर्षभराचं ऊन तिच्यावर पाडायचं आणि थंड ठेवायला केवढं मशीन लागेल ते सांगायचं, हा माझा धंदा. पहिलं काम सावद्याच्या मामांचं, केळी पिकवायच्या खोलीचं. मे महिन्यात बागेतला सगळा माल तिच्यात जायचा होता. मशीन लहान पडलं की वर्षाची मेहनत काळी पडणार, आणि मला मामांच्या दारात तोंड दाखवायची सोय उरणार नाही. मामा म्हणाले, आबा हो म्हणाले तरच.

आबांनी माझा कागदांचा गठ्ठा पायाशी ठेवला. दार दिवसातून किती वेळा उघडेल, विचारलं. मी बारा म्हणालो. कोणी मोजलं? मी बेधडक म्हणालो, "मी." त्यांनी भर दुपारी मला बागेत नेलं आणि कापलेल्या घडांच्या ढिगात माझा हात खुपसला. आत तापलेल्या पोराच्या कपाळासारखी ऊब होती. मग शांतपणे पुन्हा विचारलं, दार कोणी मोजलं. मामा शेजारीच उभे होते.

"कोणीच नाही, आबा. पुस्तकातून उचललं. केळी किती तापलेली येतात, तेही पुस्तकातलंच."

मामांचा चेहरा उतरला. काम गेलं, हे मी धरूनच चाललो. आबा मामांकडे वळले. "आते याना भरोसा कर."

पुढे तीन दिवस आबा सावद्यातल्या एका व्यापाऱ्याच्या खोलीपाशी चिंचोके घेऊन बसले. दार उघडलं की एक चिंचोका डबीत. पहिल्याच दिवशी डबी भरली. मी सगळा हिशेब नव्याने केला आणि मोठं मशीन सांगितलं. माल भरला त्या दिवशी खोलीतल्या तापमानाचा काटा दुपारपर्यंत चढतच होता. मामांनी चहाला हात लावला नाही. आबा दाराला पाठ लावून बसले आणि उघडायला येणाऱ्या प्रत्येकाला हाकलत राहिले. दिवे लागायच्या सुमारास काटा उतरू लागला, तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाचं शेवटचं पान मला काय ठाऊक नाही याचं असतं. ते वाचून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आबांना शेवटचं भेटलो ते धुळ्याच्या दवाखान्यात. खंगले होते, पण खुशीत होते. "मी डाक्तरले इचारं, कितला दिन बाकी शेतस. तो बोलना, माले ठाऊक नही. चांगला डाक्तर शे." जरा थांबून त्यांनी मला विचारलं, "तुले काय वाटस?"

आयुष्यभर अंदाज सांगून पोट भरणारा मी. मला एकही आकडा सुचला नाही.

"माले बी ठाऊक नही, आबा."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.