बिनशंकेचा होकार

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड तपासणारे एक गृहस्थ आहेत. चहा सांगितला की कप हातात येईपर्यंत टपरीवरून हलत नाहीत. कोडमध्येही तेच. सॉकेटला, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीला, काम सांगून प्रोग्राम उत्तरासाठी न थांबता पुढं गेला, की यांचा सवाल ठरलेला: "उत्तर यायच्या आत सॉकेट बंद झालं तर? त्या कामासाठी राखलेली मेमरी कुणाच्या भरवशावर सोडली?"

मागं एकदा कोडमधला माझा बदल त्यांनी काहीच न विचारता मंजूर केला. मला चैन पडेना. पुन्हा वाचला, तर नेमकी तीच चूक. बदल मागं घेतला आणि टपरीवर त्यांना सांगितलं.

"व्हय, दिसलं होतं मला," कपात बघत ते म्हणाले.

खरंच दिसलं होतं का, कोण जाणे. तेव्हापासून मीही कप हातात येईपर्यंत हलत नाही.