देवाच्या नावावर दिलेला नकार

देवाकडे काही मागायचा हक्क मी चाळीस वर्षांपूर्वीच गमावला, अशी माझी समजूत होती. गावात मात्र मला बिरोबाचा भक्त म्हणून मान होता. शिरूरच्या बाजारात कुणी वाकून नमस्कार केला की मी नजर चुकवायचो. का, ते आज लिहून ठेवतो आहे.

आमच्या घराकडे बिरोबाच्या पूजेचा मान होता. कुणाची सोयरीक असो, विहिरीची जागा असो, देवाला कळे लावून विचारायची रीत. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक कळी पाण्याने चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. माझी धाकटी बहीण अंजना तेविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. पदरी मूल नव्हतं. निमोण्याच्या एका भल्या बिजवराने तिला मागणी घातली. अंजना तयार होती. आई म्हणाली, देवाला विचारा. आई अंथरुणाला खिळलेली, माझी बायको बाळंतीण, दारात साठ मेंढरं. अंजना गेली तर हे सगळं कोण ओढणार, एवढाच विचार मी केला. उजव्या कळीला पाण्याऐवजी गूळ लावला. डावी पडली. अंजना उठली आणि मेंढरांकडे गेली. त्यानंतर ती देवळाची पायरी चढली नाही. लोकही म्हणत राहिले, तिचं सुख देवालाच मंजूर नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भजनी मंडळाने दौंडच्या बाजूला भीमेकाठच्या बागेत एक दिवस सहलीला जायचं ठरवलं. सात मोटारसायकली, मंडळाची आणि घरची माणसं. मंडळाचा म्होरक्या मारुती, कारेगावच्या कंपनीत कामाला. निघताना सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, तुमची गाडी मधीच राहू द्या. म्हंजी पडली तर उचलाया मागचं हायेत."

अंजना माझ्या मागे बसत म्हणाली, "गाडीचं सोड रं, चालवणाराच सर्व्हिशिंगला आलाय."

मीही हसलो. पण त्या दिवशी मी पक्कं ठरवून निघालो होतो. वय एकाहत्तर. आज तिला सांगायचंच, बागेत पोचायच्या आत सांगायचं. तरी न्हावरे मागे पडलं आणि माझं तोंड उघडलं नाही. वाऱ्यात तिला ऐकू जाणार नाही, अशी सबब मीच मला देत होतो. शेवटी मनात म्हणालो, बिरोबा, खूण मागायचं तोंड मला नाही. थोडा वेळ मिळाला तर बोलेन.

थोडं पुढे गेलो आणि मागचं चाक बसलं. मधे चालवायचं ठरलेलं, पण मी केव्हाच मागे पडलो होतो. बाकीचे पुढे निघून गेले होते. मारुतीला फोन लावला, तो उचलेना. एवढ्यात चारा भरलेली एक पिकअप थांबली. चाळिशीचा एक गडी उतरला. काही न विचारता त्याने स्वतःचे पाने-पकड काढले, चाक सोडवलं आणि गाडीत टाकलं.

"पंक्चरवाला पुढल्या फाट्याला हाय. आर्ध्या तासात आणतो. तवर तुम्ही दोघं बसा निवांत, बोलत."

तो गेला. बांधावर आम्ही दोघंच. दोन्ही बाजूंना ऊस. आता कुठलीच सबब उरली नाही. मी सगळं सांगितलं, गुळासकट. तिच्याकडे न बघता बोललो, म्हणून शेवटपर्यंत बोलू शकलो.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी देव न्हाई म्हणलाच नव्हता?"

"न्हाई. मी म्हणलो."

"चाळीस वरसं मी त्याच्यावर रुसले, दादा. दारावरनं जाताना तोंड फिरवलं." तिचा आवाज चढला. "तुझी भाकर थापली, तुझी पोरं वाढवली, आन् रुसले कुणावर, तर त्याच्यावर!"

मी पाय धरायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. "पाया पडू नगंस. मला देवानं नाकारली, हे समद्या गावानं ऐकलंय. आता खरं बी समद्यांनी ऐकू दे. बागंत सांग. आजच."

मी "व्हय" म्हणालो.

तो गडी चाक घेऊन आला, बसवून दिलं, आणि मारुतीचा फोन येईस्तोवर निघूनही गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

बागेत नदीकाठच्या झाडाखाली भाकऱ्या, पिठलं, ठेचा मांडला होता. कुणी घास घ्यायच्या आत मी उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं सांगून होईस्तोवर मी खाली बसलो नाही. मारुती ताटावरून उठून पाण्याकडे निघून गेला. त्याच्या आईच्या शेताचा निवाडाही एकदा मीच देवाला विचारला होता. तो खरा होता, हे मी सांगितलं. पण आता माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते त्याने ठरवायचं. अंजनानेच सगळ्यांना वाढलं. माझ्या ताटात मात्र कुणीतरी दुसऱ्याने वाढलं.

परतताना ती मारुतीच्या गाडीवर बसली. मी एकटा शिरूरला आलो.

त्या दिवसापासून कळे लावणं मी सोडलं. चाक कुणाचंही पंक्चर होतं, वाटेत माणसंही थांबतात. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. मला वेळ हवा होता आणि तो मिळाला, एवढंच मला ठाऊक आहे. त्या अनोळखी माणसाला मी रोज हात जोडतो.

पुढच्या रविवारी अंजना देवळात गेली. मी बाहेरच थांबलो. आत ती बिरोबाशी किती तरी वेळ बोलत होती, कधी रागाने, कधी रडत. शब्द कळत नव्हते. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. एकदा देवाच्या नावावर तिचं उत्तर मी ठरवलं होतं. आता ती देईल ते, देईल तेव्हा. आणि नाही दिलं, तरी ते तिचं आहे.