नोमिनची पहिली चूल

नोमिनचा सगळा जन्म उलानबातरमध्ये चौथ्या मजल्यावर गेलेला. भिंतीतल्या नळ्यांतून सरकारी ऊब आपोआप यायची, त्यामुळे थंडी ही खिडकीबाहेर राहणारी गोष्ट आहे अशी तिची समजूत. आणि बाई प्रेमात पडल्या कुणाच्या, तर टेकडीवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल घरात राहणाऱ्या उलेम्जच्या! लग्नाच्या दिवशी नव्या घरातली चूल नवरीनं पेटवायची आणि तिच्यावरचा चहा सासरच्यांना पाजायचा, हा रिवाज. सासूबाई खांडमा आधीच म्हणून बसल्या होत्या, "फ्लॅटमधली पोर ती. तिच्या हातून घर गरम व्हायचं नाही." हे नोमिनच्या कानावर आलं होतं आणि चांगलंच झोंबलं होतं.

पाहुणे जमले. बाहेर उणे तीस. नोमिननं लोखंडी चुलीत ढलप्या रचल्या, काडी ओढली आणि जाळ दिसताच बादलीभर कोळसा वर ओतला. जास्त कोळसा, जास्त ऊब, हा तिचा हिशोब. जाळ गुदमरला, घरभर धूर झाला. लग्नात रडायचं मुलीकडच्यांनी. इथं मुलाकडचे झाडून सगळे डोळे पुसत होते.

"अगं, चुलीचं खालचं दार उघड, हवा जाऊ दे," उलेम्ज कुजबुजला.

नोमिनला ऐकायला सवड कुठली! तिनं रुखवतातलं केस वाळवायचं यंत्र काढलं आणि चुलीच्या तोंडाशी धरून सुरू केलं.

"अग्निमाता न्हाऊन आली वाटतं!" खांडमांची नणंद बुदमा खोकत म्हणाली.

राखेचा लोट उठला आणि बुदमाच्या रेशमी डगल्यावर, खांडमांच्या टोपीवर जाऊन बसला. नोमिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरगी उठली नाही. चिमट्यानं तिनं मोठे खडे बाहेर काढले, बारीक तेवढे ठेवले, खालचं दार बोटभर उघडलं. कोळसा कडेनं लाल झाला. थोड्या वेळानं चूल धडधडायला लागली.

काळ्याठिक्कर तोंडानं तिनं दूध घातलेला खारा चहा दोन्ही हातांनी सासूपुढं धरला. खांडमांनी वरची राख फुंकून बाजूला केली आणि वाटी रिकामी केली.

"चहा आहे की धुराचा काढा?" बुदमानं नाक मुरडलं.

खांडमा गर्रकन वळल्या. "वन्सं, माझ्या सुनेला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तुम्ही मुकाट प्या."

सून! नोमिनला हसावं की रडावं कळेना.

"आणि तू गं, बघत काय बसलीस?" खांडमा तिच्यावर खेकसल्या. "कोळसा घाल. थोडा!"