खालून बघायची गाडी

रविवारी सकाळचे सात वाजून गेले तरी गाडी आली नाही, तेव्हा मी आधी घड्याळावर संशय घेतला. दर रविवारी सातच्या ठोक्याला कुंदावहिनी आपली छोटी पांढरी गाडी घेऊन माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, यायच्या आणि तोवर मी विहिरीतून चार बालद्या पाणी काढून ठेवायचं, हे तेरा वर्षं न चुकता चाललं होतं. सव्वासातला शेजारची सुमन अनवाणीच आली. वहिनी उठल्या नाहीत, म्हणाली. मला आधी वाटलं, बरं नसेल... मग तिच्या तोंडाकडे बघून समजलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून सांगितलं होतं की ब्रश झिजला आहे, शिरोड्याच्या बाजारातून नवा आणा. मी लगेच जाऊन आणला होता. बालद्यांमधलं पाणी त्या दिवशी संध्याकाळी माडाला घातलं.

कुंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. चौतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून त्यांनी या पंचक्रोशीतल्या पोरांना लसी टोचल्या. आजही इथले काही धट्टेकट्टे बाप्ये त्यांचं नाव काढलं की दंड चोळतात. आमच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा गोडी विहीर माझ्या वाट्याला आली आणि मचूळ दादाच्या. हा अन्याय आहे हे दोघांनाही मान्य होतं, त्यामुळे त्यावर कधी बोलणं झालं नाही. वहिनींनी मात्र त्याचा निकाल लावला. गाडी घेतली त्याच आठवड्यात त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आमच्या विहिरीच्या पाण्यान गाडी धुतली तर ती चार वर्सांत कुसतली. दर आयतवारी तुमच्याकडे येतलंय." विचारणं असं ते नव्हतंच.

गाडी घेण्यामागे हौस नव्हती. दादाची किडनी गेली होती आणि मंगळवार, शुक्रवार असं आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी सावंतवाडीला न्यावं लागे. सुरुवातीला एक रिक्षा ठरवली होती. एका मंगळवारी रिक्षावाला मेव्हण्याच्या वऱ्हाडात गेला, दुसरं वाहन मिळेपर्यंत दुपार झाली आणि दादाचा नंबर हुकला. गुरुवारपर्यंत त्याचे पाय सुजून खांबासारखे झाले आणि श्वास लागला. तो त्यातून वाचला, पण वहिनींनी त्या आठवड्यात ठरवलं की नवऱ्याचा जीव दुसऱ्याच्या वऱ्हाडावर टांगून ठेवायचा नाही. छप्पन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. नवी गाडी परवडण्यासारखी नव्हती. गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांची नऊ वर्षं चाललेली गाडी त्यांनी घेतली. घेताना त्यांनी रंग पाहिला नाही, गादी पाहिली नाही. साडीचा काष्टा खोचला, गोणपाट अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरल्या. डॉक्टर म्हणे जरा ओशाळले. माणूस तपासतानाही ते एवढं वाकत नसत.

आमच्या किनाऱ्यावर गाडीला यंत्र मारत नाही, खारा वारा मारतो. इंजिन धडधाकट असतं आणि खालून पत्रा पापडासारखा होतो. वरून धुतलेल्या, चकाचक गाड्या एक दिवस पायाखालून रस्ता दाखवायला लागतात. वहिनींना हे कोणत्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्या म्हणत, "रोगी बोलता, गाडी बोलत नाय. म्हणान तिच्या खाली वाकान बघूक होया." त्यांची पद्धत दवाखान्यातली होती. सकाळी चाकांची हवा बघायची. तेलाची पट्टी पांढऱ्या कापडावर पुसून उजेडात धरायची. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला जी बारीक भोकं असतात, ती माडाच्या हिराच्या काडीने महिन्यातून एकदा मोकळी करायची. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडायला येतात म्हणून बॉनेटखाली डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधायची. गाडी उभी करताना खाली वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी पसरायची, म्हणजे तेलाचा थेंब पडला तर दिसतो. माझा एक लेख त्या पुरवणीत छापून आला त्या आठवड्यात मी सहज बघायला गेलो, तर तो मागच्या चाकाजवळ होता. वहिनी म्हणाल्या, "कोरडो आसा." मी ती स्तुती समजलो.

रविवारची धुलाई ही खरी पूजा. आंब्याला फवारणी करायचा जुना पंप त्यांनी धुऊन घेतला होता. मी दांडा मारायचा, त्यांनी गोणपाटावर उताणं पडून खालच्या सगळ्या कोनाकोपऱ्यांत गोड्या पाण्याचा फवारा सोडायचा, मग ब्रशने घासायचं. शेवटी त्या बोटाच्या पेराने पत्रा वाजवत जायच्या. फणस पिकला की नाही हे बघायला वाजवतात तसं. पिकलेला फणस थप्प बोलतो, कच्चा टण्ण. गंजलेला पत्राही थप्पच बोलतो. "फणस पिकलेलो बरो," खालून आवाज यायचा, "गाडी कच्चीच बरी." दादा माझ्या ओटीवर बसून बघत असे. "माज्यापेक्षा गाडयेची नाडी जास्ती बघता ही," तो म्हणायचा. वहिनी खालूनच उत्तर द्यायच्या, "तुमची नाडी तिच्याच भरवशार आसा."

एका महिला दिनी तालुक्याच्या कुठल्याशा मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. त्यांच्या गाडीला हार घालून ती मंडपाबाहेर ठेवली होती. अध्यक्षांनी स्त्रीच्या हाती आलेल्या संसाररथाच्या चाकापासून सुरुवात केली आणि अर्धा तास झाला तरी रथ काही मुक्कामाला येईना. तेवढ्यात व्यासपीठावर बसलेल्या वहिनी उठल्या आणि भाषण चालू असताना शांतपणे मंडपाबाहेर गेल्या. अध्यक्षांना वाटलं, सत्कारमूर्तींना गहिवरून आलं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. वहिनींना मंचावरून एवढंच दिसलं होतं की कार्यकर्त्यांनी गाडी नारळांनी लगडलेल्या माडाखाली उभी केली आहे. गाडी उन्हात लावून त्या परत आल्या. नंतर मी विचारलं, भाषण संपेपर्यंत थांबता आलं नसतं का? "भाषण संपासर नारळ थांबतलो काय?" सत्काराचा नारळ कालवणात गेला आणि शालीचे चार तुकडे झाले. त्या शालीने काच फार छान पुसली जायची.

आता मला माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. गाडी घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी, ऐन गणपतीत, दादाला ताप भरला आणि त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. वहिनी त्याच्याजवळ राहिल्या. गाडी माझ्या खळ्यात, चावी माझ्याकडे. जाताना त्यांनी एकच सांगितलं होतं, "बाजारात न्हेवा, खंयय न्हेवा, पण रेतीत घालू नका." गणपती आमच्या मूळ घरात, म्हणजे माझ्याकडे, पाच दिवसांचा. मुंबईहून चुलत पुतणे आले होते. पाचव्या दिवशी पाऊस लागला. मूर्ती मोठी, किनाऱ्यापर्यंत डोक्यावरून न्यायची, तर एक पुतण्या म्हणाला, "काका, गाडी थेट पाण्यापर्यंत जाते. सगळे नेतात." सगळे नेतात, या युक्तिवादाची मी आयुष्यभर टर उडवली आहे. तरीही मी चावी दिली, आणि वर आरतीचं ताट घेऊन पुढच्या सीटवर बसलो. गाडी ओल्या रेतीत गेली आणि रुतली. भरती होती. एक लाट दाराच्या कडेपर्यंत आली, दुसरी थोडी आत आली. बाराजणांनी मिळून ती बाहेर काढली तोवर बाप्पा केव्हाच गेले होते. घरी येऊन मी गाडीवर चार बालद्या ओतल्या, वरून. ती छान दिसायला लागली, आणि मी स्वतःला सांगितलं की झालं.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी गाडीखाली गेल्या. मी दांडा मारत होतो, जरा जास्तच जोरात. मग त्या बाहेर आल्या, मूठ उघडून माझ्यापुढे धरली. मूठभर ओली रेती. विसर्जनानंतर आपण पाटावर चिमूटभर रेती घरी आणतो, बरकतीसाठी घरात ठेवतो. वहिनी रेतीकडे बघत म्हणाल्या, "लोक पाटार घालून हाडतत. तुमी गाडयेच्या पोटात घालून हाडलात."

पुढे काय ऐकावं लागेल याची मी वाट पाहत उभा राहिलो. दादा घरी आला होता, मंगळवार दोन दिवसांवर होता, आणि त्या गाडीचा पत्रा म्हणजे त्याचा मंगळवार, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आणखी चार बालदे काढा." महिनाभर त्या रोज संध्याकाळी आल्या आणि गाडी खालून धुतली. मी रोज पाणी काढलं. शेवटी न राहवून विचारलं, काही नुकसान झालं का? "कायेक जावक नाय," त्या म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. सोयीच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला अक्कल लागत नाही.

दादा त्यानंतर चार वर्षं जगला. या चार वर्षांत त्याचा एकही मंगळवार, एकही शुक्रवार गाडीपायी चुकला नाही. तो गेल्यावर पुष्कळांनी सांगितलं, आता ही जुनी कशाला, काढून टाका, छानशी नवी घ्या. वहिनी म्हणत, "नवी गाडी नवऱ्यासारखी. तिच्यो खोडयो कळाक पाच वर्सां जातत. हिच्यो माका म्हायत आसत." आणि रविवारी सातला यायच्या.

बाराव्या-तेराव्याला त्यांची मुलगी विद्या पुण्याहून आली होती. जाताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही वापरा, नाहीतर भंगारात द्या. बावीस वर्षांची झाली." मी गाडी माझ्या खळ्यात आणून लावली, पण तिला हात लावायचं धाडस होईना. शेवटी गेल्या रविवारी खिडक्यांचे गज बनवणारा आमच्या वाडीतला बाबल वेल्डर आला, तेव्हा त्याला म्हटलं, तू दांडा मार, आज मी खाली जातो. तेरा वर्षं मी ती गाडी धुतली, पण खालून कधी पाहिली नव्हती. गोणपाट अंथरलं, तिथे त्यांच्या पाठीच्या जागी ते विरलेलं होतं. मी आत सरकलो. सगळीकडे काळा लेप, दर पावसाळ्याआधी त्या लावायच्या तो. आणि पुढच्या डाव्या सीटखाली, जिथे दादाचे पाय असत बरोबर तिथे, परातीएवढा एक वेगळा पत्रा जोडलेला होता. कडेने वेल्डिंगची नीट, गोल शिवण.

"बाबल, हो पत्रो कोणी मारल्यान?" मी खालूनच विचारलं.

पंपाचा दांडा थांबला. "मीच मारलंय. तुमी विसर्जनाक न्हेलली, त्याच्यामागसून सा म्हयन्यांनी. गाळणी झालेली थंय."

"मग माका कित्याक नाय सांगलंस?"

"वयनी म्हणाली, भावजींका कळाक नको. त्येंका झोप लागाची नाय."

दहा वर्षं दर रविवारी त्या या पत्र्याखाली पडत होत्या, मी वर उभा राहून दांडा मारत होतो, आणि माझ्या झोपेची काळजी खालून घेतली जात होती... बाबलने विचारलं, पाणी सोडू? म्हटलं, सोड. नवा ब्रश त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. सगळं घासून झाल्यावर मी बोटाचं पेर वाकवलं आणि त्या जोडलेल्या पत्र्यावर वाजवलं.

टण्ण. अजून कच्ची आहे.