मावशींचं पांढरं तसराळं

“अठ्ठावीस दिवसांपूर्वी तुम्ही काय काय खाल्लं होतं?”

हा प्रश्न त्या वर्षी मी चाळीस घरांत विचारला. एका गृहस्थांनी मला सरळ सांगितलं, “बाई, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, तुम्ही महिन्यापूर्वीचं काय विचारता?” त्यांचंही बरोबर होतं, पण माझाही इलाज नव्हता. हिपॅटायटिस ए या काविळीचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि साधारण चार आठवडे गप्प बसतो. मग एके दिवशी माणसाचे डोळे पिवळे होतात. तोवर ज्या ताटातून तो आला ते ताट शंभरदा घासून झालेलं असतं. मी या साथीवर संशोधन करत होते. हातात सोळा पानी फॉर्म होता आणि डोक्यात उजेड अजिबात नव्हता.

रुग्ण एकोणीस, सगळे पंचवीस ते चाळीस वयाचे. नळाच्या पाण्याचे नमुने स्वच्छ आले होते. एक तरुण आई रुग्णालयात होती आणि तिचं यकृत साथ देईल की नाही, याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती. कोपऱ्यावरच्या रसवाल्याचं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी होतं, कारण त्याच्याकडे प्रत्येकाने कधी ना कधी रस प्यायलेला होता. आरोग्य खात्याने त्याची गाडी बंद करून टाकली. तो रोज येऊन बंद गाडीशेजारी बसायचा आणि मी तिथून जाताना दुसरीकडे बघायचे.

अशातच एक दिवस पाळणाघरवाल्या मावशी माझ्या ऑफिसात आल्या. साठीच्या, ठेंगण्या, हात सदा धुतलेले. अठ्ठावीस वर्षं पाळणाघर चालवत होत्या. दारात आधी मुलांच्या बुटांचे तळवे तपासायच्या, म्हणून पालक त्यांना पाठीमागे ‘इन्स्पेक्टर’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वहीचं फाडलेलं पान माझ्यासमोर ठेवलं.

“तुमचे एकोणीस आजारी कोण कोण?”

“मावशी, रुग्णांची नावं सांगता येत नाहीत मला.”

“नका सांगू. मी वाचते, तुम्ही ऐका.”

त्यांनी अकरा नावं वाचली. मी मान हलवली नाही, पण माझा चेहरा भलताच प्रामाणिक आहे. अकराच्या अकरा माझ्या यादीत होती.

“हे माझ्या पोरांचे आईबाप,” त्या म्हणाल्या. “पोरं ठणठणीत आहेत. दोघातिघांना चार दिवस पोट बिघडल्यासारखं झालं, तेवढंच. डॉक्टर, या सगळ्या घरांत त्या रसवाल्याशिवाय एकच गोष्ट सारखी आहे. ती म्हणजे मी.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन पदव्या घेऊन मी गल्लोगल्ली भटकत होते आणि उत्तर स्वतःच्या पायांनी चालत माझ्या दारात आलं होतं. तेही असं उत्तर, जे खरं निघालं तर आणणाऱ्याचंच घर बसणार होतं. त्यांना ते कळत होतं. हातातली पिशवी त्यांनी एवढी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

मी त्यांना सांगितलं की सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा आजार होऊन जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मूल हसतंखेळतं राहतं, डोळे पिवळे होत नाहीत. त्याच्या शीतून मात्र विषाणू बाहेर पडत असतो, हातांवर येतो, हातांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. मोठं माणूस आडवं होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण मावशींनी ते ऐकून हळूच विचारलं, “म्हणजे माझ्या मांडीवर बसून खिदळत होतं ते?” आणि माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

दुसऱ्या दिवशी मी पाळणाघरात गेले. दोन खोल्या, चौदा खुंट्यांवर चौदा दप्तरं. फरशी अशी की तिच्यावर पाय ठेवायला लाज वाटावी. लंगोट बदलायची जागा वेगळी, तिथली बादली झाकणाची. मावशी प्रत्येक लंगोटानंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या. मी फॉर्मवर बरोबरच्या खुणा करत गेले आणि माझा धीर सुटत चालला. इथे दोष काढायचा तरी कुठे?

मग जेवणाची वेळ झाली.

मावशींनी इनॅमलचं मोठं पांढरं तसराळं आणलं, त्यात कोमट पाणी ओतलं, स्वतःचं कोपर बुडवून ऊब पाहिली. चौदा मुलं रांगेत उभी राहिली. खोलीतलं बेसिन त्यांच्या डोक्याच्या वर होतं आणि नळाचं पाणी बर्फासारखं, म्हणून मावशींनी पहिल्या वर्षापासून ही पद्धत ठेवली होती. एकेक मूल यायचं, तसराळ्यात हात बुडवायचं, मावशी बोटन् बोट चोळायच्या, मग शुभ्र टॉवेलने पुसायच्या. टॉवेल रोज उकळलेला असायचा. ओळीत सगळ्यात धाकटी मुलगी शेवटी, कारण तोवर पाणी आणखी निवायचं आणि तिच्या कोवळ्या हातांना चटका बसायचा नाही. ही मुलगी त्या रुग्णालयातल्या आईची.

तेरा जणांच्या हातांचं पाणी तिच्या वाट्याला येत होतं. साबण नाही. टॉवेल एकच.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग तसराळ्याकडे, मग हातातल्या ओल्या टॉवेलकडे. त्या मुलीचे हात त्यांच्या हातात तसेच राहिले.

“हे?” त्यांनी विचारलं.

“हेच असावं, मावशी.”

“अठ्ठावीस वर्षं,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी मुलीला उचललं, बेसिनपाशी नेलं आणि त्या गार पाण्याखाली साबण लावून तिचे हात धुतले. ती रडली. मावशी थांबल्या नाहीत.

तपासण्यांत चौदापैकी नऊ मुलांच्या रक्तात ताज्या संसर्गाची खूण सापडली. उरलेल्या आठ रुग्णांपैकी सात जण या अकरांच्या घरचे किंवा शेजारचे निघाले. एकाचा धागा मला आजतागायत सापडलेला नाही. मावशींच्या रक्तात जुन्या संसर्गाची खूण होती. त्यांच्या पिढीला हा आजार लहानपणीच नकळत होऊन गेलेला, म्हणून त्या जन्मभर सुरक्षित. हे पालक स्वच्छ घरांत वाढले, त्यांना तो कधी झालाच नव्हता, आणि लसही कुणी घेतलेली नव्हती. एवढा साधा हिशेब निसर्ग किती शांतपणे मांडून बसलेला असतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मावशींना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “मीच पिवळी पडले असते तर लवकर कळलं असतं.”

मी त्यांना धीर दिला की अहवालात पाळणाघराचं नाव येणार नाही. त्यांची धाकटी बहीण तिथेच होती. ती लगेच म्हणाली, “झालं तर मग! तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? नवं बेसिन बसव आणि गप्प बस.”

“आणि रसवाल्याचं नाव?” मावशींनी विचारलं. “ते तर सगळ्यांना ठाऊक आहे.”

 

शनिवारी पालकांची सभा झाली; लशी घेऊन आरोग्य खात्याची नर्सही आली होती. मावशींनी रसवाल्यालाही बोलावून पुढे बसवलं. टेबलावर तसराळं ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि मुलांचे हात कसे धुवायच्या ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. “माझी अक्कल एवढीच होती,” त्या म्हणाल्या. “या माणसाची चूक नाही. चूक इथे आहे. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनी आज इथेच लस टोचून घ्या. संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत घेतली तर उपयोग होतो, असं डॉक्टर सांगतात. उशीर करू नका.” आवाज एकदाही कापला नाही. मी मोठमोठ्या सभांत मोठमोठ्या संशोधकांना आपली चूक बोटभर जागेत, बारीक अक्षरांत लपवताना पाहिलेलं आहे. त्या दिवशी मला उभं राहावंसं वाटलं, आणि मी राहिले.

एक बाप उठून निघून गेला. बाकीच्यांनी दंड पुढे केले.

त्यानंतर नवा रुग्ण एकच झाला, तोही लशीच्या आधीच लागण झालेला. रसवाल्याची गाडी सुरू झाली. पाळणाघर मात्र महिनाभर बंद राहिलं आणि उघडलं तेव्हा चौदातली तीन मुलं आली. मी अधूनमधून जायचे. भिंतीला आता बुटकं बेसिन होतं, नळाला कोमट पाणी, खुंट्यांवर चौदा छोटे टॉवेल, त्यातले अकरा कोरडे. ते अकराही त्या रोज धुवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “आलं कुणी तर?” रांगेत पहिल्या त्या स्वतः असायच्या. मुलांनी वीसपर्यंत मोजायचं आणि तोवर मावशींनी साबण चोळायचा. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पोरं मुद्दाम चुकवायची.

दोन महिन्यांनी ती आई आली. वाळून काटकी झालेली, मुलगी कडेवर. मावशी दारातच थबकल्या. बूट तपासायचंही विसरल्या.

आईने मुलीला खाली ठेवलं, आपली चप्पल उलटी करून तळवा मावशींना दाखवला आणि आत येऊन तिन्ही मुलांच्या मागे रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती बुटक्या बेसिनपुढे वाकली.

“मोजा, मावशी,” ती म्हणाली.

मावशींनी मोजायला सुरुवात केली. सातावर त्यांचा आवाज गेला. तेव्हा ती धाकटी मुलगी पुढे आली आणि तिला येत होते तेवढे आकडे, आठ, नऊ, पुन्हा आठ, मोठ्याने म्हणू लागली. आईचे हात साबणात तसेच फिरत राहिले.