बिनलेबलाची दोरी

नदीची निम्मी वाट सरली तेव्हा भाचीनं पिशवीतून दोरीचं रीळ काढलं आणि मामापुढं धरलं.

"हे कशाला आणलंस?" मामाचे पाय थांबले.

"फळीवर उरलं होतं. मला ही दोरी बारीक वाटते."

"वाटते म्हणे! मास्तरांच्या काठीला चार नंबरची हवी होती, चारचीच दिली. फळीवर दोनच होत्या, उरली ती सहाची." त्यानं दोरी चिमटीत धरून सरकवली. पुन्हा सरकवली. भाची त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तोंडावर काहीच उमटेना.

मामाच्या दुकानात पिसांची खोटी माशी टाकून मासे पकडायच्या काठ्या दुरुस्त होत. या प्रकारात गळाला वजन नसतंच, वजन असतं दोरीत. तीच काठीला वाकवते, तीच माशी लांब नेते. दोरी हलकी असली तर काठी ढिम्म राहते, फार जड असली तर जुनी काठी मोडून हातात येते. म्हणून दोऱ्यांना नंबर असतात. पण नवा माल आला की मामा पहिल्याच दिवशी लेबलं सोलून टाकी. "लेबल वाचून विकतो तो कारकून," म्हणे. काठी हातात घेई, दोनदा झुलवी आणि डोळे मिटून फळीवरची दोरी काढी. चाळीस वर्षांत चुकला नाही. लोक लांबून येत ते त्या बोटांसाठी.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र साखरेच्या आजारानं त्याच बोटांचे शेंडे बधिर होत चालले होते. पेला गरम आहे हे त्याला ओठ लावल्यावर कळे. भाचीला सगळं दिसत होतं. तो बोलत नव्हता, आणि तिची जीभ रेटत नव्हती.

मास्तरांची काठी त्यांच्या वडलांची. कळकाच्या चिरफळ्या जोडून केलेली, मधे एकदा तडकून सांधलेली. सकाळीच ते दोरी चढवून ती घेऊन गेले होते. अकराला नदीवर पहिली फेक, मामांनी यायलाच हवं, असा त्यांचा आग्रह. नदीवर ते फोन नेत नसत. सव्वादहा होऊन गेले होते.

"सोनाराकडं तोलून बघू," भाची म्हणाली.

"म्हणजे माझी चाळीस वर्षं काट्यावर घालतेस?"

"दोरी घालते. ती काठी मोडली तर मास्तरांना वडलांची दुसरी कुठून आणून देशील?"

मामा वळला तो सोनाराच्या गल्लीकडंच.

दोरीचे पहिले तीस फूट तोलायचे असतात. भाचीनं हात पसरून पाच वाव मोजले आणि तेवढं वेटोळं पारड्यात ठेवलं.

"काय मामा, आता दोरीचे दागिने घडवायचे?" सोनार हसला.

"तू आकडा सांग. थट्टा मागनं कर."

सहाची असली तर साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, चारची असली तर आठाच्या आत. भाचीनं मनातल्या मनात देवापाशी साडेदहा मागितले.

"पावणेआठ," सोनार म्हणाला.

म्हणजे जड दोरी मास्तरांच्या काठीवर चढली होती. मामानं वाकून स्वतः बघितलं. मग रीळ उचललं आणि पायऱ्या उतरला.

पुढची वाट दोघं जवळजवळ पळतच गेली. मामाला धाप लागली. "मी पुढं जाऊन सांगते," भाची म्हणाली.

"नको. ते मी सांगायचंय."

वळणावरनं नदी दिसली. मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते, काठावर त्यांचे चार मित्र. काठी वर गेली होती, दोरी मागं उलगडत होती आणि सांध्यापाशी कळक नको तेवढा वाकत चालला होता.

"मास्तर, थांबा! फेकू नका! हात सैल सोडा!"

दोरी भसकन पाण्यावर कोसळली. काठी शाबूत राहिली.

"अहो मामा, सगळे मासे पळवलेत की!" एक मित्र ओरडला.

"पळू देत." मामा पाण्याच्या कडेला येऊन धापा टाकत होता. "मास्तर, दोरी चुकीची आहे. चारच्या जागी सहाची गेली."

मास्तरांनी काठीवरून अंगठा फिरवला, सांधा बघितला. मग समजुतीनं म्हणाले, "असू दे हो. ह्या पोरीकडून बांधताना अदलाबदल झाली असेल."

भाचीनं खाली बघितलं. तिनं तेही कबूल करून टाकलं असतं.

"नाही," मामा म्हणाला. "निवडली मीच. मला बोटांनी कळेनासं झालंय."

कुणी हसलं नाही. मास्तर काठी घेऊन बाहेर आले.

दोरी बदलून गाठ भाचीनंच मारली. मामा शेजारी दगडावर बसून बघत होता. गाठ घट्ट झाल्यावर तो हळूच म्हणाला, "एक कर. उद्यापासून मी दोरी काढली की मला विचार, 'मामा, किती नंबरची?' आणि तोलून बघ. गिऱ्हाइकासमोरच विचार. ते गेल्यावर विचारलंस तर मी खोटं बोलेन."